हर्णै : धक्क्याविना चाललेले बंदर

हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातले मासेमारीचे बंदर. दापोलीहून निघालेला रस्ता आसूदच्या माडपोफळींच्या बागांमधून उतरत येथे समुद्राला भिडतो. उत्तरेला आंजर्ल्याची खाडी, तिच्या अलीकडे पाजपंढरी ही कोळ्यांची दाट वस्ती, दक्षिणेला मुरूड-कर्द्याचा लांबलचक वाळूचा किनारा आणि समोर समुद्रात, किनाऱ्यापासून जेमतेम पाव मैलावर, सुवर्णदुर्ग. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा असे आणखी तीन किल्ले. एवढ्याशा जागेत चार किल्ले कोकण किनाऱ्यावरही क्वचितच सापडतात. त्यामुळे हर्णैचा इतिहास म्हणून जे छापले जाते तो बहुतेक या किल्ल्यांचाच इतिहास असतो. ज्या धंद्यावर हे गाव पिढ्यानपिढ्या जगले त्या मासेमारीची नोंद मात्र फार थोडी झाली. बंदर समजून घ्यायचे तर या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे : बेट आणि किनारा यांच्यामधली पाण्याची चिंचोळी पट्टी.

कोकणची बहुतेक जुनी बंदरे खाडीच्या मुखाशी आहेत. दाभोळ वाशिष्ठीवर, बाणकोट सावित्रीवर, जयगड शास्त्रीवर. खाडीमुळे गलबते आतवर जात आणि घाटमाथ्यावरचा माल पाण्याने खाली येई. हर्णैला अशी खाडी नाही. आंजर्ल्याची जोग नदी जवळ असली तरी तिचे मुख उथळ, गाळाने भरणारे. हर्णैचे बंदर म्हणजे खडकाळ टोकांमधले एक लहानसे उघडे आखात. समोरचे बेट आणि कनकदुर्गाचे टोक लाटांचा काही जोर अडवतात, एवढाच आडोसा. हलक्या शिडाच्या होड्यांना तो पुरत असे. किनारा सपाट वाळूचा असल्याने ओहोटीला होडी टेकवायची, भरतीला तरंगवायची, हे सोपे होते. पण याच सपाट, उथळ किनाऱ्यामुळे मोठी नौका काठाला लागू शकत नाही. पुढच्या तीनशे वर्षांत हर्णैच्या वाट्याला जे आले त्यातले बरेचसे या एका गोष्टीतून आले.

सुवर्णदुर्गाची उभारणी आदिलशाही काळातली मानली जाते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि मराठी आरमाराचे एक प्रमुख ठाणे झाला. बेटाच्या मूळ खडकाला तासून त्यावरच तटाची चिरेबंदी चढवलेली आहे. महादरवाजा पूर्वेला, म्हणजे किनाऱ्याकडे तोंड करून, बुरुजांच्या आड दडवलेला. उंबरठ्यापाशी दगडात कोरलेले कासव आणि भिंतीवर मारुती आजही स्पष्ट दिसतात. खुल्या समुद्राच्या बाजूला फक्त एक चोरदरवाजा. कान्होजी आंग्रे यांच्या पराक्रमाची सुरुवात याच किल्ल्यावर झाली, असे परंपरा सांगते. १६९८ च्या सुमारास सरखेलपद त्यांच्याकडे आले. त्यानंतर त्यांचे दस्तक घेतल्याशिवाय या किनाऱ्याने व्यापारी जहाज निर्धास्त जाऊ शकत नसे. इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरवले. वास्तविक आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर जकात बसवणे आणि परवाना मागणे हे तेव्हाच्या प्रत्येक दर्यावर्दी सत्तेचे काम होते आणि पोर्तुगीज तर ते जवळजवळ दोन शतके आधीपासून करत होते.

या आरमाराची माणसे आली कुठून, हा प्रश्न किल्ल्यांच्या इतिहासात फारसा विचारला जात नाही. उत्तर सरळ आहे. गलबते आणि गुराबा चालवणारे तांडेल आणि खलाशी कोळी, भंडारी, खारवी, दालदी याच समाजांतले होते. वारा कधी फिरतो, उधाणाच्या भरतीला कुठल्या खडकावर किती पाणी चढते, भांगाच्या भरतीला ते किती कमी असते, पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शीड कधी सोडायचे, हे ज्ञान मासेमारीतून आलेले होते. आरमाराने ते वापरले आणि आरमार संपल्यावर ते पुन्हा मासेमारीकडे परतले.

कान्होजींचा मृत्यू १७२९ मध्ये झाला. त्यांच्या मुलांत दौलतीची वाटणी होऊन दक्षिणेकडचा सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाचा भाग आधी संभाजी आणि मग तुळाजी आंग्रे यांच्याकडे गेला. तुळाजी आणि पेशवे यांचे वैर वाढत गेले आणि १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स ४४ तोफांची ‘प्रोटेक्टर’ ही युद्धनौका आणि काही लहान जहाजे घेऊन सुवर्णदुर्गावर आला. पहिला मारा समुद्राच्या बाजूने झाला. तिकडचा तट मूळ खडकाचा, त्यावर गोळ्यांचा विशेष परिणाम होईना. तेव्हा जेम्सने जहाज बेट आणि किनारा यांच्यामधल्या पट्टीत घातले. एका अंगाने सुवर्णदुर्गाच्या आणि दुसऱ्या अंगाने किनाऱ्यावरच्या किल्ल्यांच्या तोफा असताना घेतलेला हा निर्णय धाडसाचा होता. या बाजूने मारा लागू पडला, किल्ल्यातल्या दारूसाठ्याचा स्फोट झाला, आगी लागल्या आणि किल्ला पडला. करारानुसार तो पेशव्यांच्या हवाली झाला. वर्षभरात, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गही पडला. पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वांत समर्थ मराठी आरमार स्वकीयांच्या मदतीने बुडाले. इतिहासकारांनी नानासाहेबांना या निर्णयाचा दोष दिला आहे आणि तो रास्त आहे.

जेम्स इंग्लंडला परतून श्रीमंत झाला आणि १७८३ मध्ये वारला. त्याच्या पत्नीने पुढच्या वर्षी लंडनच्या आग्नेयेस शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ त्रिकोणी मनोरा बांधला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे सुवर्णदुर्गाचाच इंग्रजी उच्चार. हा मनोरा आज दुरुस्त करून लोकांसाठी खुला आहे. हर्णैच्या समोरच्या मूळ किल्ल्यावर मात्र जायचे तर ओहोटी-भरती सांभाळून मच्छीमारांच्या होडीनेच जावे लागते. आत झाडोरा माजलेला असतो.

पेशवाईत सुवर्णदुर्ग सुभ्याचे ठाणे राहिला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केल्यावर दुसरा बाजीराव रायगड, महाड करत सुवर्णदुर्गाला पोहोचला आणि तिथून समुद्रमार्गे वसईला गेला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि हर्णैचा लष्करी अध्याय संपला. तोफांचा धाक राहिला नाही. किल्ले ओस पडले, किंवा लोकांनी ते आपल्या कामाला लावले. कनकदुर्गावर पुढे दीपगृह उभे राहिले. फत्तेगडावर मच्छीमारांची घरे बसली आणि आज तिथे तटापेक्षा घरांच्या भिंतीच जास्त दिसतात. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही हानी खरीच. पण बंदराच्या दृष्टीने पाहिले तर समुद्राच्या अगदी काठावर, पाण्यापासून उंच आणि बोटींवर नजर राहील अशी दुसरी जागा मच्छीमाराला मिळणारही नव्हती.

इंग्रजी अमदानीत दापोलीला लष्करी छावणी पडली. ‘काँप दापोली’ हे नाव अजूनही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. छावणीचे जवळचे बंदर हर्णै. साहेबांचे सामान, धान्य, कापड इथे उतरे आणि बैलगाड्यांनी वर जाई. नंतर आगबोटी आल्या. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी थांबे घेत गोव्याकडे जाई. हर्णैला धक्का नसल्याने बोट समुद्रातच उभी राहायची. उतारू आणि सामान लहान होड्यांतून तिच्यापर्यंत न्यायचे. होडी लाटेवर वर-खाली होत असताना बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा, मागून कोणी ट्रंक चढवायची, पुढून कोणी मूल ओढून घ्यायचे. होडी किनाऱ्याला पूर्ण टेकत नसे, म्हणून शेवटचा टप्पा गुडघाभर पाण्यातून किंवा माणसाच्या खांद्यावरून. दापोली तालुक्यातल्या कित्येक घरांचा मुंबईशी संबंध याच मार्गाने जुळला. गिरणीत लागलेला चाकरमानी, शिकायला निघालेला मुलगा, शिमग्याला परतणारी कुटुंबे, सगळे हर्णैच्या वाळूवरून गेले. श्री. ना. पेंडसे यांचे मुर्डी गाव याच पट्ट्यातले. त्यांच्या कादंबऱ्यांमधला कोकणी माणूस मुंबई आणि गाव यांच्या मध्ये हेलपाटे घालतो, त्यामागे या बोटींची वाहतूक आहे. पावसाळ्याचे महिने बोट बंद असायची. तेवढा काळ तालुका मुंबईपासून जवळपास तुटलेलाच असे. पुढे रस्ते झाले, एसटी गावोगाव पोहोचली आणि प्रवासी बोटी बंद पडल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली तेव्हा हर्णै हे उतारूंचे बंदर होते ही गोष्ट आठवणीपुरतीच उरली होती.

उरली ती मासेमारी, आणि ती वाढत गेली.

जुन्या मासेमारीला दोन मर्यादा होत्या. एक वाऱ्याची आणि दुसरी मिठाची. शिडाची होडी वारा देईल तेवढीच लांब जाणार आणि वेळेत परतेल एवढीच मासळी आणणार. बर्फ नसल्याने आलेली मासळी त्या दिवशी डोक्यावरच्या पाटीतून चालत जाता येईल एवढ्या गावांतच ताजी विकली जाई. बाकीची खारवायची किंवा सुकवायची. मिठावर सरकारी कर असल्यामुळे खारवणेही महाग पडे. पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी सरकारने मच्छीमारांसाठी कमी दराच्या मिठाची सोय केली होती, ती याच अडचणीमुळे. बोंबील, जवळा, सोडे, वाकटी असे सुके पदार्थ कोकणातून घाटावर गेले. देशावरच्या बाजारांत सुकटीची जी सवय लागली ती बर्फाच्या आधीची आहे. जाळी सुताची आणि तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत. जाळे विणणे, फाटलेले सांधणे, काढा देणे ही घरातल्या सगळ्यांची कामे होती.

स्वातंत्र्यानंतर हे सगळे एका पिढीत बदलले. सरकारी कर्जे आणि सहकारी संस्था यांच्या आधाराने होड्यांना इंजिने बसली. नायलॉनचे जाळे आले. ते कुजत नाही, हलके असते आणि पाण्यात कमी दिसते. बर्फाचे कारखाने झाले. नंतर ट्रॉलर आले, कोळंबीला परदेशी गिऱ्हाईक मिळाले आणि हर्णैची मासळी गावोगावच्या पाट्यांऐवजी मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि निर्यातीच्या कारखान्यांकडे जाऊ लागली. तांडेल, खलाशी आणि नाखवा यांचे नातेही बदलले. पूर्वी खर्च वजा जाता मासळीच्या पैशाचे होडीला, जाळ्याला आणि माणसांना ठरलेले वाटे पडत. डिझेल, बर्फ आणि कर्जाचे हप्ते वाढले तसे भांडवल असलेल्याचे पारडे जड झाले. खलाशी बाहेरगावाहून, पुढे तर थेट नेपाळहून येऊ लागले. पोहणेही न येणारा डोंगराळ मुलुखातला तरुण अरबी समुद्रात जाळी ओढतो, हे आजच्या कोकण किनाऱ्यावरचे नेहमीचे दृश्य आहे. त्यांच्या सुरक्षिततेकडे पाहिजे तेवढे लक्ष गेलेले नाही.

बोटी मोठ्या झाल्या, किनारा तेवढाच उथळ राहिला. या पेचावर हर्णैने जो तोडगा काढला तो या बंदराची खरी ओळख आहे. मासेमारी बोट पाण्यात नांगर टाकून उभी राहते. तिच्यावरची मासळी पाट्या आणि क्रेटमध्ये भरून लहान होडीत उतरवतात. होडी काठाजवळ आली की पाण्यात उभ्या असलेल्या बैलगाडीत माल चढतो. बैल पोटापर्यंत पाण्यात असतात, लाट आली की गाडीची साटी भिजते, गाडीवान जू धरून उभा. मग गाडी ओल्या वाळूवरून वर येते. परतीच्या खेपेला तीच गाडी बर्फ, डिझेलची पिंपे आणि पिण्याचे पाणी घेऊन जाते. दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपार कलल्यावर, वाळूवर लिलाव भरतो. पापलेट, सुरमई, हलवा, घोळ असा चढा माल आधी नजरेत भरतो. कोळंबी, म्हाकूळ, बांगडा यांचे वेगळे ढीग. लिलाव पुकारणारा ढिगाभोवती फिरत बोली चढवतो, भोवती कड्याने व्यापारी, त्यांच्या मागे किरकोळ विक्री करणाऱ्या बायका. सौदा काही क्षणांत मिटतो. माल लगेच बर्फात जातो, पाटी उचलली की त्या जागी दुसरी पाटी रिकामी होते. कोळणी आपल्यापुरता वाटा विकत घेऊन तिथेच बसतात किंवा दापोली, खेडच्या बाजाराला निघतात. पर्यटकांना हा देखावा आकर्षक वाटतो. मच्छीमारांना तो महाग पडतो. प्रत्येक चढउतारात मजुरी जाते, वेळ जातो, बर्फ वितळतो आणि उन्हात वाळूवर पडलेल्या मासळीचा दर्जा घसरतो. धक्क्याला लागलेल्या बोटीतून थेट ट्रकमध्ये गेलेली मासळी आणि चार हात बदलून आलेली मासळी यांचा भाव सारखा येत नाही.

वादळात तर हा प्रश्न जिवावर येतो. हर्णैला हवामान खात्याची वेधशाळा आहे, इशारा वेळेवर मिळतो. पण इशारा मिळाल्यावर बोट न्यायची कुठे? आंजर्ल्याच्या खाडीत. तिथे मुखाशी गाळ साठलेला. ओहोटी असेल तर बोटी बाहेर खोळंबतात, घाईने शिरू पाहणारी वाळूत रुतते आणि मागून येणाऱ्या लाटा तिला फोडतात. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ ऐन हंगामात आले आणि कोकणातल्या अनेक मच्छीमारांचे प्राण गेले. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आदळले. हर्णै, पाजपंढरी, आंजर्ले, केळशी हा पट्टा त्याच्या तडाख्यात सापडला. घरांची छपरे उडाली, माडपोफळी आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नव्हती. मनुष्यहानी मात्र मर्यादित राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आले.

बंदीचा काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलै. पूर्वी कायद्याची गरज नव्हती. आगोट लागली की होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा लोटायच्या, हा रिवाज होता. हे महिने अनेक माशांच्या विणीचे, त्यामुळे रिवाजातच माशांचे रक्षण होते. इंजिनाने पावसातही बाहेर पडता येऊ लागल्यावर ते रक्षण कायद्याने करावे लागले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार आणि त्यापलीकडे केंद्राचा, अशी विभागणी आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून दंड लाखांच्या घरात नेले.

हे नियम कागदावर कडक आहेत. समुद्रात त्यांची अंमलबजावणी करायला लागणाऱ्या गस्ती नौका आणि माणसे मात्र अपुरी आहेत. एलईडीच्या उजेडाकडे मासळीचे थवे खेचले जातात आणि पर्ससीनचे जाळे अख्खा थवा एका वेळी आवळते, त्यात लहान पिलेही जातात. गळ किंवा साधे जाळे घेऊन गेलेल्या होडीला मागे काही उरत नाही. दापोली, गुहागर, मंडणगडच्या पारंपरिक मच्छीमारांनी याविरुद्ध वेळोवेळी मोर्चे काढले, उपोषणे केली. प्रश्न गरीब विरुद्ध श्रीमंत एवढा सरळ नाही, कारण एकाच वस्तीत दोन्ही प्रकारचे बोटमालक राहतात, एकाच लिलावात त्यांचा माल येतो आणि घरोघरी सोयरिकी आहेत. तरी पिल्ले मारून कोणाचाच धंदा टिकणार नाही, हे दोन्ही बाजूंचे जाणते मच्छीमार मान्य करतात.

हर्णैला सुसज्ज मासेमारी बंदर हवे, ही मागणी कित्येक दशकांची. सर्वेक्षणे झाली, आश्वासने दिली गेली, निवडणुका येऊन गेल्या. अलीकडच्या वर्षांत प्रकल्पाला चालना मिळाली ही चांगली गोष्ट आहे. त्यात दोन कामे नुसत्या धक्क्याइतकीच महत्त्वाची आहेत. पहिले लाटरोधक बंधाऱ्याचे. उघड्या आखातात बंधारा चुकीच्या जागी पडला तर वाळू एका बाजूला साठते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा कापला जातो. हा अनुभव पश्चिम किनाऱ्यावर अनेक गावांनी घेतला आहे. पाजपंढरीची घरे पाण्याच्या काठाला टेकलेली आहेत, त्यामुळे तिथला किनारा ढासळला तर मागे सरकायला जागा नाही. दुसरे काम आंजर्ले खाडीच्या मुखातला गाळ काढण्याचे, आणि तो एकदा काढून न थांबता दरवर्षी काढत राहण्याचे. बंदर पूर्ण झाले तरी वादळात सगळ्या बोटी तिथे मावणार नाहीत, खाडीचा आसरा लागणारच. बैलगाड्यांवर पोट असलेली कुटुंबे आणि वाळूवर बसून विकणाऱ्या कोळणी यांची सोय आराखड्यातच धरली पाहिजे. लिलावगृहात बायकांना हक्काची जागा, पाणी, स्वच्छतागृह आणि बर्फ एवढे दिले तर बंदर खरोखर गावाचे होईल. हर्णैचे मच्छीमार यापेक्षा जास्त काही मागत नाहीत, आणि ही कामे पावसाळ्यापूर्वी हाती घेणे शासनाला अशक्य नाही.